आफ्रिकी भाषांतली पुस्तकं विकत कोण घेणार?

२०२१ साली अब्दुलरझाक गुर्ना यांना साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्या नावावर दहा कादंबऱ्या होत्या. जन्म झांझिबारचा, मातृभाषा स्वाहिली, लेखन इंग्रजीत. त्या दहापैकी एकही कादंबरी तोवर स्वाहिलीत आलेली नव्हती. १९९४ सालच्या त्यांच्या ‘पॅरडाइज’चा ‘पेपोनी’ हा स्वाहिली अनुवाद इडा हाजिवायानिस यांनी केला आणि दार-एस-सलामच्या ‘म्कुकी ना न्योता’ या प्रकाशनसंस्थेने तो २०२२ मध्ये काढला. ज्या किनाऱ्याची आणि ज्या माणसांची ही गोष्ट, त्यांच्या भाषेत यायला तिला २८ वर्षं लागली, आणि मध्ये एक नोबेल यावं लागलं.

स्वाहिली ही काही कोपऱ्यात पडलेली भाषा नाही. टांझानियात प्राथमिक शिक्षण तिच्यातूनच होतं, केनियात ती इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा आहे, आणि ७ जुलै हा दिवस युनेस्कोने तिच्या नावे केला आहे. आफ्रिकेत साधारण दोन हजार भाषा बोलल्या जातात. त्यांतल्या सर्वांत सुस्थितीतल्या भाषेची ही कथा असेल, तर गिकुयू, इसिखोसा, सेसोथो किंवा वोलोफमध्ये लिहिणाऱ्याने हस्तलिखित घेऊन कोणाचं दार ठोठवायचं?

या प्रश्नावर साठ वर्षं वाद चालू आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या माणसाशी घातला गेला आहे. १९६२ च्या जूनमध्ये युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. निमंत्रण फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांना होतं. केनियाचे न्गूगी वा थियोंगो तेव्हा विद्यार्थी होते, इंग्रजीत छापून आलेल्या एक-दोन कथांच्या जोरावर त्यांना आत प्रवेश मिळाला. स्वाहिलीतले सर्वांत मोठे कवी-गद्यकार शाबान रॉबर्ट किंवा योरुबा कादंबरीकार फागुन्वा त्या निकषात बसतच नव्हते. पुढच्याच वर्षी नायजेरियाचे ओबी वाली यांनी लिहिलं की परकीय भाषेतलं आफ्रिकी साहित्य हा बंद रस्ता आहे. नायजेरियाचेच कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी इंग्रजीची बाजू घेतली. हीच भाषा वाकवून, वळवून तिच्याकडून आपला अनुभव वदवून घेता येईल, असं त्यांचं म्हणणं. न्गूगींनी पुढे इंग्रजीत कथा-कादंबरी लिहिणं सोडलं आणि ते आपल्या मातृभाषेकडे, गिकुयूकडे वळले. तेव्हापासून प्रत्येक आफ्रिकी लेखकाला विचारतात: तू तुझ्या भाषेत का लिहीत नाहीस?

लेखकाला हे विचारणं सोपं आहे, कारण तो एकटा असतो आणि समोर बसलेला असतो. पण पुस्तक निघतं ते छापखाना, गोदाम, दुकान, ग्रंथालय आणि शाळा या सगळ्यांतून. यातल्या प्रत्येक ठिकाणी पैसे मोजणारं कोणीतरी लागतं. आफ्रिकी भाषांत लिहिणारे नेहमीच होते. त्यांच्या पुस्तकाला खात्रीचं गिऱ्हाईक नव्हतं, आणि आजही बहुतेक ठिकाणी नाही.

सुरुवातीला गिऱ्हाईक होतं ते मिशन. लेसोथोतल्या मोरिजा गावी फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनने एकोणिसाव्या शतकातच छापखाना घातला आणि १८६३ पासून सेसोथोत वर्तमानपत्र चालवलं. थॉमस मोफोलो हा त्याच मिशनच्या शाळेत शिकलेला आणि त्याच ग्रंथभांडारात काम करणारा तरुण. त्याची पहिली कादंबरी १९०७ साली तिथूनच निघाली. ती ख्रिस्ती श्रद्धेची होती, कोणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. नंतर त्याने झुलूंचा राजा शाका याच्यावर ‘चाका’ लिहिली. १९१० च्या आसपास हस्तलिखित तयार होतं. त्यात जादूटोणा होता, जुन्या रीतिभाती होत्या, आणि त्या वाचून लोक परत मागे वळतील ही धास्ती मिशनऱ्यांना होती. पुस्तक निघालं १९२५ साली. आफ्रिकी भाषेतली एक थोर कादंबरी दीड दशक पडून राहिली, कारण छापणारा एकच होता आणि त्याचं मन होत नव्हतं. मिशनऱ्यांनी लिपी दिली, व्याकरण दिलं, छापखाना दिला, हे ऋण मोठं आहे. पण एकाच दाराने आत जाता येत असेल तर त्या दाराशी बसलेल्या माणसाची आवड हीच त्या भाषेच्या साहित्याची सीमा ठरते.

मिशननंतर सरकार आलं. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत १९४८ साली साहित्य ब्यूरो काढला, पुढे ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, तसाच दुसरा. पुस्तकं निघाली, पण राजकारणाला हात लावायचा नाही, ही अट होतीच. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने हीच पद्धत टोकाला नेली. काळ्या मुलांना सुरुवातीची वर्षं मातृभाषेतून शिकवायचं ठरलं, म्हणजे इसिझुलू, सेसोथो, सेत्स्वानाची पाठ्यपुस्तकं लागणार होती. ती छापण्याचा धंदा बव्हंशी आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या, प्रकाशकांकडे गेला. कोणतं हस्तलिखित चालेल हे सरकारने नेमलेली भाषामंडळं ठरवत. त्या भाषांत लिहिणाऱ्याला शाळेखेरीज दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही. कादंबरी लिहायची ती चौदा वर्षांच्या मुलासाठी, शिक्षकाला परीक्षेत प्रश्न काढता येतील अशी, आणि अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडणार नाही अशी. प्रेम, दारू, संप, काळ्यांना सतत परवाना बाळगायला लावणारा पास-कायदा, पोलिसांची गाडी हे सगळं प्रौढ माणसाचं जगणं त्या पुस्तकांतून गाळलं गेलं. ते कोणी लिहिलंच तर इंग्रजीत लिहिलं. मातृभाषा म्हणजे हलक्या दर्जाचं शिक्षण, ही समजूत लोकांच्या मनात बसली ती उगाच नाही. मझिसी कुनेने हा इसिझुलूचा मोठा कवी. त्याचं शाकावरचं महाकाव्य इंग्रजीत १९७९ साली आलं. ज्या भाषेत ते मुळात रचलं गेलं त्या इसिझुलूत ते पुस्तकरूपाने निघालं २०१७ साली, कवी जाऊन दशक उलटल्यावर.

‘आफ्रिकी भाषांना वाचक नाही’ असं म्हणणाऱ्यांसमोर मी दोन उदाहरणं ठेवतो. पहिलं दक्षिण आफ्रिकेतलंच आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार तिथे २४ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांच्या घरात इसिझुलू बोलली जाते, १६ टक्क्यांच्या घरात इसिखोसा, आणि साडेदहा टक्क्यांच्या घरात आफ्रिकान्स. वाचकसंख्येवरच सगळं ठरत असतं तर इसिझुलूचा ग्रंथव्यवहार आफ्रिकान्सच्या दुप्पट असायला हवा होता. प्रत्यक्षात आफ्रिकान्समध्ये रहस्यकथा, प्रेमकथा, चरित्रं, पाककृती, बागकाम, कवितासंग्रह असं सगळं दरवर्षी निघतं. त्या भाषेला मोठ्या प्रकाशनसंस्था आहेत, पुरस्कार आहेत, महोत्सव आहेत. इसिझुलूची पुस्तकं शाळेच्या यादीबाहेर शोधावी लागतात. आफ्रिकान्सवर देवाची काही खास कृपा नव्हती. शंभर वर्षांपूर्वी तिलाही स्वयंपाकघरातली बोली म्हणून हिणवत होते. १९१५ साली तिच्या पाठीराख्यांनी नॅशनल प्रेस उभा केला, १९२५ साली ती राजभाषा झाली, आणि मग शाळा, विद्यापीठं, ग्रंथालयं, कचेऱ्या, नभोवाणी या सगळ्यांनी ती दशकानुदशकं विकत घेतली. हा पैसा काळ्या प्रजेला वंचित ठेवून उभा राहिला होता, त्याचं समर्थन कोणी करणार नाही. पण सत्तेने मनावर घेतलं तर एका भाषेचा ग्रंथव्यवहार दोन पिढ्यांत उभा राहतो, हे त्याच भूमीवर सिद्ध झालेलं आहे. १९९४ नंतरच्या लोकशाही सरकारांनी बाकीच्या नऊ भाषांना राज्यघटनेत मान दिला. तेवढ्या जिद्दीने त्यांची पुस्तकं मात्र कधी विकत घेतली नाहीत.

दुसरं उदाहरण केनियाचं. १९७७ साली लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात न्गूगींनी शेतमजूर, कारखान्यातले कामगार आणि गावकरी यांना घेऊन गिकुयूत नाटक बसवलं. प्रयोगांना लोटलेली गर्दी पाहून सरकारने परवानगी काढून घेतली आणि वर्षअखेरीस न्गूगींना खटला न भरता तुरुंगात टाकलं. कामिती तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली: ‘शाइतानी मुथाराबा-इनी’, क्रुसावरचा सैतान. ती छापायला नैरोबीचे हेन्री चकावा पुढे आले. त्यांना धमक्या आल्या, त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला, पण १९८० साली त्यांनी पुस्तक काढलं. पहिली आवृत्ती पाच हजारांची होती आणि ती खपायला तीन ते पाच वर्षं लागतील असा अंदाज होता. महिन्याभरात दुसऱ्या पाच हजार छापाव्या लागल्या आणि वर्ष संपेपर्यंत एकूण पंधरा हजार प्रती निघाल्या.

पंधरा हजार हा आकडाही पुरता खरा नाही, कारण एक प्रत एकटा माणूस वाचत नव्हता. घरातलं जे शिकलेलं असेल ते रात्री सगळ्यांना वाचून दाखवी. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, वाचन चाले. दारूच्या गुत्त्यातला किस्सा तर न्गूगींनी स्वतः नोंदवला आहे. वाचणारा ऐन रंगात आलेल्या प्रसंगावर थांबे आणि पुस्तक टेबलावर ठेवी, कारण त्याचा ग्लास रिकामा झालेला असे. ऐकणारे ओरडत, ‘अरे, याला आमच्या नावावर आणखी एक बाटली द्या!’ ग्लास भरला की कथा पुढे सरके. पुस्तकाला वाचक नसतो असं म्हणणाऱ्याने हे दृश्य डोळ्यांसमोर आणावं. त्या खोलीतले बहुतेक जण दुकानात जाऊन पुस्तक विकत घेणारे नव्हते, काहींना वाचताही येत नसेल, पण त्या कादंबरीचे ते वाचकच होते.

सरकारलाही हे कळलं होतं. न्गूगींची पुढची गिकुयू कादंबरी ‘मातिगारी’ १९८६ साली आली. मातिगारी नावाचा माणूस सत्य आणि न्याय कुठे सापडेल असं विचारत देशभर हिंडतो आहे, अशी लोकांत चर्चा सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या राजवटीने त्याला पकडायचा हुकूम सोडला. तो कादंबरीतला नायक आहे हे समजल्यावर पोलिसांनी १९८७ साली दुकानादुकानांतून पुस्तकच उचललं. याच लेखकाच्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये राजवटीवर टीका कमी नव्हती, पण त्या दुकानांत राहिल्या. राज्यकर्त्यांना भीती कोणत्या भाषेतल्या पुस्तकाची वाटते, यावरून त्या भाषेतल्या पुस्तकाची पोच किती ते समजतं.

आता उत्तर नायजेरियातल्या कानो शहराकडे वळू, कारण तिथे हे सगळं सरकारशिवाय घडलं. १९८० च्या दशकापासून तिथे हौसा भाषेत पातळ, स्वस्त कादंबऱ्यांची लाट आली. लेखक स्वतःच्या खर्चाने छापायचे आणि बाजारातल्या टपऱ्यांवर विकायला ठेवायचे. लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. विषय घरातलेच: जबरदस्तीची लग्नं, सवत, तलाक, मुलींचं शिक्षण. बलाराबा रमत याकुबू या त्यांतल्या नामवंत लेखिका. त्यांच्या एका कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१२ साली पुस्तकरूपाने निघाला तो चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाकडून. भारताचं नातं एवढ्यावर थांबत नाही. कानोच्या चित्रपटगृहांत दशकानुदशकं मुंबईचे हिंदी सिनेमे चालत आले आहेत आणि आईबापांची इच्छा व प्रेम यांच्यातली ओढाताण या कादंबऱ्यांनी काही अंशी तिथूनच उचलली, असं अभ्यासक सांगतात. आपल्याकडच्या पडद्यावरची गोष्ट हौसा बायकांच्या हातात जाऊन तिची कादंबरी होते, याचं मला फार अप्रूप आहे. २००७ साली कानोच्या राज्यपालांनी मुलींच्या एका शाळेत ही पुस्तकं जाळली. तरी लेखन थांबलं नाही.

मग सरकार कशाला हवं, असं कोणी विचारेल. कानोत वाचक होता, बाजार होता, हिंमत होती. पण संपादक नव्हता, ग्रंथालयाचं कपाट नव्हतं, जुन्या पुस्तकाची पुढची आवृत्ती काढणारं कोणी नव्हतं. टपरीवरची प्रत वाचून फाटली की पुस्तक संपलं. चाळीस वर्षांचं एका भाषेतलं स्त्रियांचं लेखन असं हातातून निसटू देणं हा मोठा गुन्हा आहे, आणि तो टपरीवाल्याच्या माथी मारता येणार नाही.

दोन हजार भाषांत पुस्तकं कशी काढणार, ही हरकत नेहमी येते. प्रत्येक भाषेत कादंबऱ्यांचा कारखाना काढा असं कोणीच म्हणत नाही. हौसा, स्वाहिली, योरुबा, इग्बो, अम्हारिक, ओरोमो, इसिझुलू, शोना, फुला अशा भाषांचे बोलणारे कित्येक दशलक्ष आहेत आणि त्यांतल्या कितीतरी सीमा ओलांडून जातात. तिथून सुरुवात करायला कोणाची आडकाठी आहे? आडकाठी असलीच तर माणसाने घातलेली. लेसोथोत सेसोथो एका लेखनपद्धतीने लिहितात आणि सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या. ‘दी’ हा उच्चार लेसोथोत ‘एल-आय’ असा लिहितात, पलीकडे ‘डी-आय’ असा. लोक तेच, भाषा तीच, पण मासेरूच्या प्रकाशकाचं पुस्तक ब्लूमफाँटेनच्या शाळेत चालत नाही. दोन सरकारांनी एका टेबलाशी बसून हा प्रश्न सोडवला तर बाजार एकदम कित्येक पटींनी वाढेल. स्वाहिलीचं तसं झालं, कारण १९३० मध्ये चार प्रदेशांसाठी एक समिती बसली आणि झांझिबारची बोली प्रमाण ठरली.

पालकांना इंग्रजी हवी असते, हेही खरं आहे, आणि त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. नोकरी इंग्रजीत आहे, कोर्ट इंग्रजीत आहे. पण इंग्रजीवर सगळा भर देऊन मुलं इंग्रजी तरी शिकली का? २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत दक्षिण आफ्रिकेतल्या चौथीच्या ८१ टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागत नव्हता. चाचणी अकराही भाषांत होती, तेव्हा केवळ मातृभाषा हे औषध नाही, हेही मान्य करू. मातृभाषेत चाचणी देणाऱ्या त्या मुलांच्या घरी, वर्गात, गावात त्या भाषेतलं गोष्टीचं पुस्तक किती होतं? धडा वाचून वाचता येत नाही, भरपूर वाचून वाचता येतं, आणि भरपूर वाचायला भरपूर पुस्तकं लागतात.

परदेशांतून कंटेनर भरून येणारी जुनी इंग्रजी पुस्तकं ही उणीव भरून काढत नाहीत. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण फुकटच्या पुस्तकांनी भरलेल्या ग्रंथालयाला स्थानिक प्रकाशकाकडून काही घ्यायची गरज वाटेनाशी होते. देणग्यांवर निघणाऱ्या मातृभाषांतल्या चित्रपुस्तकांचं मी स्वागत करतो, पण भाषा तेवढ्यावरच थांबली तर मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याच्यासाठी तिच्यात काही उरत नाही. त्याच्या आईसाठी तर कधी काही नव्हतंच.

हे बदलण्याचा एक चांगला मार्ग टांझानियाने दाखवला आहे. १९९१ साली तिथे सुरू झालेल्या बालपुस्तक प्रकल्पाने प्रकाशकांना सांगितलं की स्वाहिलीत चांगलं पुस्तक काढा, आवृत्तीतल्या ठरावीक प्रती आम्ही घेऊन शाळांना देऊ, उरलेल्या तुम्ही बाजारात विका. प्रकाशकाची जोखीम अर्ध्यावर आली, छपाईचा खर्च आधीच सुटला आणि तरीही उरलेल्या प्रती विकण्याची जबाबदारी त्याच्यावर राहिली. सरकारने स्वतः पुस्तकं छापण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण काय लिहायचं हे अधिकारी ठरवत नाही. खरेदीत खोट शिरू शकते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आणि अनुदानित ग्रंथालयांच्या खरेदीने मराठी प्रकाशकाला किती आधार दिला, आणि निव्वळ त्या खरेदीवर डोळा ठेवून किती सुमार पुस्तकं निघाली, हे दोन्ही आपण पाहिलं आहे. निवडसमितीवर वाचक आणि ग्रंथपाल बसवा, नावं जाहीर करा, दरवर्षी समिती बदला. खोट काढता येते. खरेदीच नसेल तर काढायला काही उरत नाही.

करांचंही बघायला हवं. केनियात २०१३ पासून पुस्तकांवर १६ टक्के मूल्यवर्धित कर आहे, दक्षिण आफ्रिकेत १५ टक्के. पोटाला चिमटा काढून पुस्तक घेणाऱ्याकडून हा पैसा घेतला जातो. निदान देशी भाषांतल्या पुस्तकांना तरी तो माफ व्हावा, यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेने २०२५ पासून चौथीत गणित आणि विज्ञान इंग्रजीबरोबर मातृभाषेतूनही शिकवायला सुरुवात केली आहे. पूर्व केप प्रांतात इसिखोसाचा हा प्रयोग त्याआधी दशकभर चालू होता. पाऊल योग्य आहे, पण पैसा पुन्हा पाठ्यपुस्तकांतच जाईल अशी मला काळजी वाटते. मुलं इसिखोसात अपूर्णांक शिकतील आणि संध्याकाळी वाचायला त्यांच्या हाती त्या भाषेतलं काहीच नसेल. पाठ्यपुस्तकांच्या तरतुदीतला एक हिस्सा अवांतर पुस्तकांसाठी, त्यातही प्रौढांच्या पुस्तकांसाठी, कायद्याने राखून ठेवला पाहिजे.

केनियात तर नवा कायदाही लागणार नाही. २०१० च्या राज्यघटनेने ग्रंथालयं ४७ परगण्यांच्या सरकारांकडे सोपवली आहेत. किआंबू, मुरांगा, न्येरी आणि किरिन्यागा या चार परगण्यांत गिकुयू घरोघरी बोलली जाते. प्रत्येकाने दर नव्या गिकुयू पुस्तकाच्या, तज्ज्ञ-वाचक समितीने निवडलेल्या, पाचशे प्रती घेतल्या तर दोन हजार प्रती छापण्याआधीच विकल्या जातील. चकावांना १९८० साली एवढी हमी मिळाली असती तर पाच हजारांच्या पहिल्या आवृत्तीची चाळीस टक्के जोखीम तिथेच उतरली असती. किसुमू आणि सियाया हे परगणे लुओ भाषेसाठी, किटुई आणि मचाकोस कांबा भाषेसाठी हेच करू शकतात. याला नैरोबीची परवानगी लागत नाही, परदेशी देणगी लागत नाही. परगण्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाच्या शीर्षाखाली एक ओळ घालावी लागते, आणि ती घालण्याचा अधिकार तिथल्या निवडून आलेल्या सभासदांच्या हातात आहे.